चार ते पाच, गंभीर वाचन

नाशिक,
सोमवार, १९ जानेवारी १९९८

चि. कुसुम,

इथे अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आज एकही मनापासून निघत नाही. पुढच्या पत्रात लिहीन, तू लायक ठरलीस तर.

मंगळवार, १३ जानेवारी, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. वेळ मला पक्की ठाऊक आहे. पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते, तिथून परत आले, चप्पल काढताना घड्याळाकडे पाहिलं आणि सव्वातीनच्या चहाला अजून पाच मिनिटं आहेत म्हणून मला बरं वाटलं. तू मागच्या पडवीत फतकल मारून बसली होतीस. पुढ्यात मोठी बादली, मांडीवर वर्तमानपत्रांचा ढीग, आणि हात भराभर फाडत होते. मी म्हटलं, सिन्नरला रद्दी मिळत नाही का, की माझ्या रद्दीवाल्याच्या पोटावर पाय आणतेस. तू मान वर न करता म्हणालीस की कागदाच्या टोपल्यांना लगदा कितीही लागतो, पुरतच नाही. थंडी होती, तुझी बोटं गारठली असतील असं मला वाटलं. म्हणून मी, कुसुम, मी स्वतः आत जाऊन गीझरचं गरम पाणी आणलं आणि त्या बादलीत ओतलं. वर तुला आल्याचा चहा दिला.

गुरुवारी तू तो लगदा झाकणाच्या डब्यात घालून, तिळगुळाची पुडी घेऊन, एस.टी.ने सिन्नरला गेलीस. तुझ्या दादाचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे नीट पार पडलं, तू चार दिवस राहून हातभार लावलास, म्हणून मी तुला स्टँडवर पोचवायला आले होते.

काल रविवार. वर्ष झालं, आता ह्यांच्या फायली उघडायचा धीर होईल असं वाटलं, म्हणून ट्रंक उघडली. दोन्ही राखाडी बॉक्सफायली जागेवर होत्या. आत नुसते टॅग होते. कागद एकही नाही.

लताबाईला विचारलं. धुणीभांडी करणारी बाई, पण डोळे उघडे ठेवून काम करते. ती म्हणाली, पांढरे कागद पण होते की बाई, टाईप केलेले, ताई फाडता फाडता डोळे पुसत होत्या, मला वाटलं भावाची आठवण येतीये.

ते कागद काय होते ते तुला माहीत नाही असं नाही, पण लेखी असलेलं बरं. १ जानेवारी १९८९ पासून दर रविवारी संध्याकाळी मी तुझ्या दादाच्या पुढच्या आठवड्याचा तक्ता टाईप करत असे. किती वाजता उठणे, कुठली गोळी, किती चालणे, काय जेवणे, काय वाचणे. आठवडा संपला की शेरा लिहून, पंच करून फाईलला लावत असे. चारशे वीस कागद. आकड्याला हसू नकोस.

फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मला गप्प बसावं लागतं. मला ते कागद परत हवे आहेत. भिजलेले असोत, कुटलेले असोत, जसे असतील तसे.

लोभ ठेवण्याबद्दलचं शेवटचं वाक्य तुझं उत्तर वाचून मग लिहीन.

प्रतिभा

⁕

सिन्नर,
शनिवार, २४ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप वहिनी,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आलं. वाचताना तुमचा आवाज ऐकू आला आणि मी उभीच राहिले, बसायची सोय नव्हती.

वहिनी, माझी फार मोठी चूक झाली. मला वाटलं ऑफिसचे जुने कागद आहेत, तुम्ही काढून ठेवलेत. पांढऱ्या कागदाचा लगदा मऊ होतो, त्या हावेनं घेतले. तुमच्या वेंधळ्या नणंदेला तुम्ही अडतीस वर्षं ओळखता. लग्नात तुमच्या मुंडावळ्या मीच हरवल्या होत्या.

लगदा राहिला नाही. मेथ्या वाटून घातल्या, कुटला आणि पातेली पालथी घालून त्यांच्यावर थापला. तीन टोपल्या झाल्या आहेत, गच्चीवर वाळताहेत. मेथीच्या वासाने शेजारचा कुत्रा शिंकतो आणि शेजारीण मला बोलते. ह्यांचा गुडघा थंडीने धरला आहे, डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, हे म्हणतात गुडघा कमी करा.

विहंगचा बंगलोरहून फोन येतो का? तुम्ही एकट्या जेवता तेव्हा भाजी करता ना? नुसत्या दहीभातावर राहू नका. तुमचा राग मी डोक्यावर घेते, पण माया आटू देऊ नका, एवढं मागते.

तुमची,
कुसुम

⁕

नाशिक,
बुधवार, २८ जानेवारी १९९८

चि. कुसुम,

अनेक आशीर्वाद. (हे सवयीने टाईप झालं. खोडाखोड मला चालत नाही, म्हणून राहू देते.)

तुझं पत्र वाचलं. इतकं वाईट खोटं मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत वाचलं नव्हतं, आणि मी रजेचे अर्ज वाचत असे. त्या फायली माझ्या शालूखाली आणि विहंगच्या बाळंतविड्याखाली होत्या. ट्रंकेला कुलूप होतं. किल्ली शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डबीत असते. हे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस हे पत्र टाईप करतं आहे आणि दुसऱ्याच्या फोटोला हार आहे. ऑफिसचे जुने कागद कुणी बॉबिनच्या डबीच्या पहाऱ्यात ठेवत नाही. तेव्हा तू हे मुद्दाम केलंस.

का केलंस, तेही मला कळतं असं वाटतंय. ह्यांच्या साठीला तू भर पंगतीत म्हणाली होतीस की वहिनीने दादाला दुसऱ्यांदा शाळेत घातलंय. सगळे हसले. कोण कोण हसलं ते माझ्या लक्षात आहे. हेही हसले होते.

आता माझी बाजू ऐक, एकदाच सांगते. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात ह्यांना झटका आला. निवृत्तीला तीन महिने झाले होते. चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात, शेवटी शेवटी सातपूरला आणि अंबडला, यंत्रांच्या भागांची चित्रं पट्टीने काढणारा माणूस. हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, नियमितपणा ठेवलात तर दोन वर्षं, फार तर. ते आठ वर्षं जगले. वरची सहा वर्षं मी टाईप केली, कुसुम.

आणि नुसत्या गोळ्याच नव्हत्या. छंद असावा असं सगळे म्हणतात म्हणून मी तोही लावून पाहिला. नव्वद साली एकदा ह्यांनी विहंगच्या जुन्या रंगपेटीतून फ्लॉवरचा गड्डा रंगवला. जेवणाच्या टेबलावर, मंडईतून आणलेला समोर ठेवून. चांगला होता. मी तो ज्येष्ठ नागरिकांच्या स्पर्धेत पाठवला आणि तिसरा क्रमांक आला. मग कॉलेज रोडच्या एका मास्तरांचा क्लास लावला, उत्तम ब्रश आणले, तक्त्यात सोमवार-गुरुवार तास घातले आणि वर्षअखेर पहिला क्रमांक असं उद्दिष्टही लिहिलं. सहा आठवड्यांत ब्रश ठेवून दिले. हात थरथरतो म्हणाले. मी शेरा लिहिला, चिकाटी नाही. त्या जागी मग चार ते पाच, गंभीर वाचन, असं टाकलं.

पण तक्ता कधी मोडला नाही. उलट चार वाजले की कपाटाच्या दारावरचा कागद काढून स्वतःबरोबर आतल्या खोलीत घेऊन जायचे आणि पाचला परत लावायचे. मी निवृत्त झाल्यावर त्याच वेळी पुढच्या खोलीत मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवत असे. आतून कधी खोकल्याचाही आवाज नाही. मला वाटायचं, इतकं पाळणारा माणूस लाखात एक.

तू त्या कागदांना नेहमी वेळापत्रक म्हणत आलीस. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटात आभाराचं, निमंत्रणाचं आणि तक्रारीचं अशी तीन पत्रं शिकवली, त्यात नवऱ्याचं नव्हतं. ती मी माझी मी लिहिली. रात्रीचं जेवण, दुधी, मीठ बेताचं. हे दुसरं काय असतं?

म्हणून सरळ विचारते आणि उत्तरही सरळ दे. बॉबिनच्या डबीचं तुला कुणी सांगितलं?

तुझ्या यजमानांच्या गुडघ्याला एरंडेल चोळ. त्यांच्यावर माझा राग नाही.

प्रतिभा

⁕

सिन्नर,
गुरुवार, ५ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप वहिनी,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र चार दिवस देवघरात ठेवलं होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही मला वाईट समजलात तरी चालेल, असं दादाला म्हटलं होतं मी. पण दुधी, मीठ बेताचं, हे पुन्हा वाचलं आणि कागद पुढ्यात ओढला.

किल्लीचं दादाने सांगितलं.

शहाण्णवची भाऊबीज. तुम्हाला ताप होता म्हणून तो एकटाच एस.टी.ने आला होता. मी ओवाळलं, त्याने ताटात पाकीट घातलं आणि म्हणाला, या वर्षी मलाही तुझ्याकडून ओवाळणी हवी. मी म्हटलं, बोल. तो म्हणाला, माझं वर्षश्राद्ध झालं की ट्रंकेतल्या दोन फायली घे आणि त्यांच्या टोपल्या कर. मी पाटावरून उठलेच. सणासुदीला काय बोलतोस म्हणून त्याला खूप बोलले. त्याने ऐकून घेतलं, मग कोटाच्या खिशातून त्या आठवड्याचा तक्ता काढला, तुमच्या कपाटावरचा, आणि उलटा करून माझ्या हातात दिला.

मागच्या बाजूला एक उंट होता, वहिनी. स्वेटर घातलेला. स्वेटरला खिसे होते आणि एका खिशातून मुळा बाहेर आला होता. रेघा सगळ्या वाकड्या, लहान मुलाच्या असतात तशा. मी विचारलं, हे कुणी काढलं. तो म्हणाला, डाव्या हाताने. उजव्याला चौतीस वर्षांची सवय आहे, तो सरळच जातो, त्याच्याकडून असलं होत नाही. मी विचारलं, याचा अर्थ काय. तो म्हणाला, काही नाही, आला उंट. आणि मग तो हसायला लागला. आम्ही मनमाडला बाबांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा तो असा हसायचा. मी तो आवाज विसरले होते.

रोज चार ते पाच. मऊ पेन्सिल, दाबायची नाही, म्हणजे पुढच्या बाजूला उमटत नाही. मी म्हटलं, वेगळी वही का नाही घेत. म्हणाला, आमच्या घरात कोरी वही आली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर नाव आणि विषय पडतो. तुमच्याच कागदाची मागची बाजू ही एकच जागा त्याला अशी सापडली होती की जिथे तुम्ही बघणार नाही. तिचा तिच्या टायपिंगवर विश्वास आहे, म्हणाला. हे तो कौतुकाने म्हणाला, माझी शपथ.

मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, वहिनीला दाखव, तिला केवढा आनंद होईल. तो म्हणाला, तेच तर. तिला आनंद होईल आणि त्या आनंदात ती त्याचं काहीतरी करील, आणि मग माझ्याकडून ते होणार नाही. फ्लॉवर मला फार आवडला होता गं, म्हणाला. तिसरा येईपर्यंत.

मग विचारलं, तर निदान मागे राहू देत. त्यावर म्हणाला, माझ्यामागे सापडले तर ती त्यांना क्रमांक घालील, नीट फाईल करील आणि मग मला का सांगितलं नाही म्हणून रडेल. पहिल्या दोन्हींना माझी हरकत नाही.

मी हो म्हटलं. भाऊबीजेच्या दिवशी भावाला नाही कसं म्हणणार? त्याचं काही लगेच होईल असं वाटलंही नव्हतं. अडीच महिन्यांत तो गेला.

त्या मंगळवारी तुम्ही बँकेत गेल्यावर मी ट्रंक उघडली. न बघता फाडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. पन्नासेक बघितले असतील. मग माझा हात चालेना, म्हणून बाकीचे पालथे घालून फाडले, टायपिंगकडे बघत. तुमची अक्षरं बघत मी त्याची चित्रं फाडली. वर्तमानपत्रं वरून पसरली. तेवढ्यात तुम्ही आलात आणि गरम पाणी घेऊन आलात. तुम्ही ओतत होतात तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, वहिनी. ओरडले असते तर तीनशेंचे तुकडे तरी जुळवता आले असते. मी आल्याचा चहा प्यायले.

पेन्सिल पाण्यात जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं. टाईपची शाई फिकट झाली, पेन्सिल तशीच. इथे आल्यावर दोन दिवस डब्यात तुकडे दिसत होते, कुठे एक पाय, कुठे शेपूट, कुठे कुणाचा तरी चष्मा. तिसऱ्या दिवशी कुटलं.

दादाचं बरोबर होतं का, मला सांगता येणार नाही. वचन पाळल्याचं समाधान मला एक दिवसही मिळालं नाही. तुम्ही त्याला आठ वर्षं जगवलंत हे तोही म्हणायचा. म्हणायचा, तिने दिवस लावून दिला म्हणून तर मला एक तास चोरता आला.

टोपल्या वाळल्या आहेत. राखाडी रंगाच्या, साध्या. तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येते. तोंड बघायचं नसेल तर पायरीवर ठेवून जाईन.

माझ्यावर प्रेम करा असं म्हणायला जीभ रेटत नाही. ओळख ठेवा.

तुमची,
कुसुम

⁕

नाशिक,
गुरुवार, १२ फेब्रुवारी १९९८

चि. कुसुम,

अनेक आशीर्वाद. हे मुद्दाम लिहिले आहेत.

पत्र हाताने लिहिते आहे. परवापासून टाईपरायटरचं झाकण काढलेलं नाही. अक्षर वाचता आलं नाही तर माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या लताबाईच्या मुलीसारखं अंदाजाने वाच.

टोपल्या आणू नकोस. तुझ्याकडेच राहू देत. त्यात कांदे ठेव, लसूण ठेव, उंदराने कुरतडल्या तर कुरतडू देत. माझ्याकडे आल्या तर मी त्या काचेच्या कपाटात ठेवीन. हे तुला माहीत आहे आणि ह्यांनाही होतं.

तुझ्यावरचा माझा राग गेला असं समजू नकोस. तो आहे, पण त्याच्यापुढे आता दुसरा राग रांगेत उभा आहे. मी ह्यांच्यावर रागावले आहे. फोटोसमोर उभी राहून मोठ्याने बोलले, लताबाई भांडी टाकून धावत आली. वर्षानुवर्षं भिंतीच्या एका बाजूला मी आठवीच्या मुलांना पॅसिव्ह व्हॉइस समजावून देत होते आणि दुसऱ्या बाजूला माझा नवरा उंटाला स्वेटर घालत होता. आणि मुळा! मुळा ह्यांना सोसत नसे, म्हणून मी तो बंद केला होता.

मला सांगायला हवं होतं. मग स्वतःलाच विचारलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं. खोटं कशाला बोलू, कुसुम. पहिल्या आठवड्यात फ्रेम, दुसऱ्या आठवड्यात विहंगला फोन, दिवाळीपर्यंत शुभेच्छापत्रं छापून घेतली असती. आणि हे सगळं प्रेमाने. ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं, एवढंच माझं दुःख आहे. इतकी वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने आपल्याला बरोबर ओळखावं आणि म्हणून आपल्यापासून लपवावं.

शेऱ्यांची वही वेगळी होती, ती तुझ्या तावडीतून सुटली. काढून पाहिली. नोव्हेंबर नव्वद, माझ्या अक्षरात, चिकाटी नाही. त्यानंतर सहा वर्षं तो माणूस रोज तासभर एकच गोष्ट करत होता, न चुकता, आणि त्या वहीत त्याची एक ओळ नाही.

काल चार वाजता मी शिकवणीच्या मुलांना घरी पाठवलं आणि ह्यांच्या खोलीत ह्यांची पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं बघू तरी, काय असतं ते. चित्र मला येत नाही, पण येण्याचा प्रश्नच नव्हता ना. डाव्या हातात पेन्सिल धरली. वीस मिनिटं गेली. मला एकही रेघ काढता येईना, कारण ती कशाची काढायची ते ठरत नव्हतं. शेवटी मी पट्टी घेऊन समास आखला. मग उठले आणि कुकर लावला.

आता खरं काम. ज्यासाठी हे पत्र आहे.

माझ्या पद्धतीत अपुरा आठवडा फाईलला लागत नाही. हे गेले ते गेल्या वर्षी २२ जानेवारीला, बुधवारी. त्या आठवड्याचा तक्ता सोमवारी लावलेला, तो रविवारपर्यंत पोचलाच नाही, म्हणून पंच झाला नाही. कपाटाच्या दारावर होता तसाच राहिला. वर कॅलेंडर आलं आणि मी विसरले. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी भाजीची सुरी शोधताना कॅलेंडर हललं आणि खालून कोपरा दिसला.

लगेच उलटा केला नाही. आधी हात धुतले. का, ते विचारू नकोस.

मागे चित्र आहे. म्हणजे सुरू केलेलं आहे. एक लांब रेघ, वळत गेलेली. तिच्याखाली दोन आखूड. एका टोकाला वाटोळं काहीतरी, पूर्ण बंद न झालेलं. मंगळवारी चारला बसले असतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. मी तो कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. वर कुठलं आणि खाली कुठलं हेसुद्धा मला कळत नाही. लताबाई म्हणाली बदक आहे. विहंगला फोनवर वर्णन करून सांगितलं, तर तो म्हणाला, आई, नुसत्या रेघाही असतील, तू जेवलीस का. मुलगा माझाच आहे.

बदक नाही. बदक असतं तर मला कळलं असतं.

तू पन्नास पाहिली आहेस. मी ह्यांचा रक्तदाब, वजन, चष्म्याचा नंबर, झोपेत कुठल्या कुशीवर वळतात ते सगळं सांगू शकते, पण ह्यांची रेघ कुठे निघाली होती ते मला सांगता येत नाही. तुला येईल. ट्रेसिंग पेपर ठेवून मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आहे, सोबत जोडते. ह्यांच्या त्या बाकीच्या प्राण्यांना आठव आणि हे काय होणार होतं ते मला सांग.

आणि ती पन्नासही लिही. आठवतील तशी, आठवतील त्या क्रमाने. सुवाच्य नको, समास नको. सुंदर होती, दादा मोठा कलाकार होता, असलं काही लिहू नकोस, ते मी विचारलेलं नाही. उंटाच्या खिशात मुळा होता असं लिहिलंस, तसं लिही. चष्मा कुणाला घातला होता ते लिही.

लोभ असावा असं मी जन्मभर पत्राच्या शेवटी लिहीत आले, कारण तिथे ते लिहायचं असतं. आज मागते आहे.

आठवत नसेल तिथे आठवत नाही असं स्पष्ट लिही. माझ्या समाधानासाठी मनची एकही रेघ घालू नकोस. तू घातलीस तर मला ओळखू येणार नाही, म्हणून सांगते आहे. फोन नको, स्वतः येऊन सांगणंही नको, ऐकताना माझं काहीतरी सुटेल. मला ते लिहिलेलं हवं आहे. मंगळवार, २४ फेब्रुवारीच्या दुपारच्या टपालाने तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. बुधवारी महाशिवरात्र, पोस्ट बंद, आणि त्याच्यापुढे एक दिवससुद्धा मला थांबवणार नाही.

तुझी वहिनी,
प्रतिभा